राम्सचा कॅल्क्युलेटर आणि आपला मोर

अक्कलकोट_रोड (धागा सुरू करणारा):
परवा सुताच्या एका व्यापाऱ्याकडे बसलो होतो. शेठजी बिल करत होते. नजर माझ्यावर, गप्पा मार्चएंडच्या, आणि उजव्या हाताची बोटं कॅल्क्युलेटरवर आपली धावतायत. एकदाही खाली बघितलं नाही, तरी बेरीज बरोबर. त्यांच्या कॅल्क्युलेटरची बटणं फुगीर होती, अख्ख्या मसुरासारखी.

जर्मनीतल्या ब्राऊन कंपनीच्या कॅल्क्युलेटरवर ही चाल फार सुंदर दिसते. डीटर राम्स आणि डीट्रिश लुब्स या दोन डिझायनरांचं काम. बोटासाठी खळगा करण्याऐवजी त्यांनी बटण गोल आणि फुगीर केलं. बोट नेमकं कुठं टेकलंय हे न बघता कळतं. १९८७ चा ईटी ६६ बघा: अंग काळं, बरोबरच्या चिन्हाचं बटण तेवढं पिवळं. पहिल्या आयफोनमधला कॅल्क्युलेटर उघडउघड त्याच वळणाचा होता. राम्सचा १९५८ चा टी ३ रेडिओ आणि २००१ चा आयपॉड शेजारी ठेवा, चुलत भाऊ वाटतील.

हा माणूस १९३२ साली वीसबाडेनला जन्मला, आजोबा सुतार. १९५५ ला ब्राऊनमध्ये लागला, सहा वर्षांत डिझाइन विभागाचा प्रमुख. चांगल्या डिझाइनची त्याची दहा सूत्रं आहेत, त्यातलं शेवटचं असं की चांगलं डिझाइन म्हणजे कमीत कमी डिझाइन.

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मी इथंच सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन बघतो. आपली सोलापुरी चादर सुताला पक्की, टिकायला पक्की, पण अंगावर मोर, वाघ, ताजमहाल, गुलाबाचा ताटवा, सगळं एकदम. राम्सची थोडी शिस्त आपण घेतली असती तर ही चादर आज कुठच्या कुठं असती.

पूर्वभागवाला:
काय सांगालाव बे! मोर काढ आणि चादर विकून दाखव.

माझ्या आजोबांनी जन्मभर चादरीचे ग्राफ काढले. बारीक चौकटीचा कागद, ब्रश, आणि एकेक चौकट रंगवत बसायचं. त्या चौकटींवरनं जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, कार्डाला भोकं पडायची. पिसाऱ्याचा बाक एक चौकट चुकला तर कापडावर पायरी दिसते, म्हणून ते मोराची मान काढताना घरात कुणाला बोलू द्यायचे नाहीत. त्यांचं नाव कुठल्या चादरीवर नाही. तुझ्या राम्सला सगळं जग ओळखतं. बटण फुगवलं म्हणून?

जुना_रेडिओ:
दोघांनाही थोडं थोडं. मी चाळीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केले. राम्सचं मोठेपण मला बटणात दिसत नाही, १९५६ च्या एसके ४ रेकॉर्ड प्लेअरच्या झाकणात दिसतं. आधी झाकण पत्र्याचं करायचं चाललं होतं, पण आवाज वाढला की ते थरथरायचं. मग पारदर्शक ॲक्रिलिकचं केलं. लोकांनी त्याला स्नो व्हाईटची शवपेटी म्हणून हिणवलं आणि पुढं घरोघर तसलीच झाकणं आली. शोभेसाठी केलेलं नाही ते, खडखड थांबवायला केलंय. पत्र्याच्या झाकणाची ती खडखड मी किती गिऱ्हाइकांकडून ऐकून घेतली आहे, मलाच माहीत.

पण हेही खरं की एसके ४ एकट्या राम्सचा नाही, हान्स गुगेलोट बरोबरीला होता. ईटी ६६ लुब्सबरोबरचा. ब्राऊनचा १९५७ चा गाजलेला केएम ३ मिक्सर तर गेर्ड आल्फ्रेड म्युलरचा, लोक तोही राम्सच्या नावावर खपवतात. तेव्हा आजोबांचं नाव चादरीवर नाही हे दुःख जर्मनीतही आहे म्हणायचं.

शेंगाचटणी:
मिक्सरचा विषय निघालाच आहे तर ऐका. १९६० च्या दशकात मुंबईच्या माधुरी माथुरांकडे ब्राऊनचा मिक्सर होता. आपल्या वाटणाघाटणाला तो टिकला नाही, जळला. इथं दुरुस्तीची सोय नाही. नवरा सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर, त्याने दणकट मोटरचा देशी मिक्सर बनवला आणि त्यातून सुमीत हा मिक्सरचा ब्रँड उभा राहिला. आज तुमच्या ओट्यावर जे यंत्र घरघरतंय त्याचा वंश तिथला आहे, वीसबाडेनचा नाही.

जळलेला तो मिक्सर कुणी का काढलेला असेना, दिसायला नक्कीच देखणा असणार. पण भिजवलेल्या डाळीला देखणेपण कळत नाही. शेंगदाण्याची चटणी तर आम्ही अजून उखळातच कुटतो, मिक्सरमध्ये तेल सुटतं तसं सुटतच नाही. (याच्यावर वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.)

अक्कलकोट_रोड:
ताई, मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे. वस्तू आधी कामाला यावी हे राम्सच्या सूत्रांत आहेच. माथुरांनी तेच केलं, सूत्र न वाचता.

शेंगाचटणी:
मग सूत्राचं श्रेय राम्सला कशाला? माझ्या सासूबाईंनाही ते माहीत होतं.

सात_रस्ता:
मला राग वेगळाच आहे. राम्सचं नाव घेऊन आज काय विकतात? गुळगुळीत डबी, एक स्क्रू दिसत नाही, बॅटरी बदलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी घेतलेला माझा फोन दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. याला साधेपणा म्हणायचं? नव्वदीच्या उंबरठ्यावर राम्स स्वतःच म्हणत होता की जगात नको असलेल्या वस्तू फार झाल्यात, पुन्हा जन्म मिळाला तर डिझायनर होणार नाही. ज्याने घडवलं त्यालाच पश्चात्ताप, आणि तुम्ही इथं चादरीला शिस्त लावताय.

अक्कलकोट_रोड:
हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण फोनवाल्यांनी त्याचा चेहरा उचलला, नियम नाही. त्याची १९६० ची ६०६ नावाची भिंतीवरची शेल्फं आजही बनतात, आणि जुन्याला नवीन फळी जोडता येते. साठ वर्षांपूर्वीच्या वस्तूला आजचा भाग बसतो. असं तुमच्याकडं दुसरं काय आहे, सांगा.

तांब्या_भांडं:
तांब्या. नाव उगीच नाही घेतलं.

१९५८ साली चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथं आलं होतं. खुर्च्यांमुळे जगभर नाव झालेली माणसं. त्यांनी जो अहवाल दिला त्यात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं, तर लोट्याचं. पाणी किती मावेल, भरल्यावर तोल कुठं जाईल, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसेल, ओतताना धार कशी पडेल, घासायला सोपा का, असे प्रश्नच प्रश्न लिहिलेत. आणि म्हणणं असं की तो कुणा एकाने बसून काढलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या घडत आला. त्याच अहवालावरून पुढं १९६१ ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, निघाली. परदेशी डिझायनर आमच्या तांब्यापुढं हात जोडतो आणि आमचा डिझायनर चादरीतला मोर पुसायला निघालाय.

पूर्वभागवाला:
आता माझं शेवटचं, आणि हे फक्त माग चालवणाऱ्याला कळेल. आपली जेकार्डची चादर दुपदरी असते. वर एक कापड, खाली एक, दोन्ही एकदमच विणली जातात. नक्षीची रेघ आली की वरचं सूत खाली जातं आणि खालचं वर येतं. म्हणून तर एका बाजूला निळ्यावर पांढरा मोर आणि उलट केली की पांढऱ्यावर निळा. दोन्ही पदर एकमेकांना धरलेत ते त्या रेघेनंच. मोर काढून नुसतं सपाट विणलंस तर मधे पिशवी होईल, पांघरलं की खालचा पदर एकीकडं आणि वरचा दुसरीकडं.

म्हणजे आमचा मोर शोभेला नाही, टाका आहे. घाल तुझ्या दहा सूत्रांत.

जुना_रेडिओ:
वा! हे पत्र्याच्या झाकणासारखं झालं की.

अक्कलकोट_रोड:
काल रात्री घरातली चादर दिव्याखाली घेऊन बसलो. बायको म्हणाली, ढेकूण झालेत का. पिसाऱ्याच्या दोन डोळ्यांमधे चिमटीत धरून ओढलं, तर खरंच दोन पदर सुटे झाले, मधे करंगळीच्या पेरभर जागा. रेघेशी आलं की पुन्हा एक. टॉवेलमध्ये आठ वर्षं काढून मी कधी चिमटीत धरून बघितलं नव्हतं.

पण रेघच पाहिजे असेल तर ती सरळही चालेल, चौकडाही चालेल. पदर तेवढेच धरेल. मोर राहू दे, आजोबांच्या मानेसकट. ताजमहाल मात्र नको म्हणजे नको.

पूर्वभागवाला:
ताजमहालाला माझा पण विरोधच आहे बे. तो ग्राफ आजोबांचा नाही.