आयडल आणि कमी पॉवर: दोन दोष वेगळे करून पाहावेत

आपल्या इंजिनवर चालणाऱ्या वेल्डिंग जनरेटरमध्ये आर्क (वेल्डिंगची विद्युत ठिणगी) पेटवल्यावरही इंजिन आयडलवरच, म्हणजे मंद वेगावरच, राहते आणि वेग वाढला तरी आर्क कमकुवत असतो, या दोन तक्रारींचे मूळ एकच मानून थेट कार्ब्युरेटर उघडू नये, असे मला वाटते. आधी आयडलचा स्विच ‘हाय’वर ठेवून इंजिन पूर्ण वेगाने चालवावे आणि जनरेटरच्या सॉकेटवर भार देऊन व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी दोन्ही मोजावीत. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झच्या बरीच खाली घसरत असेल, तर दोष इंजिनाकडे, म्हणजे इंधन फिल्टर, एअर फिल्टर किंवा गव्हर्नरमध्ये (इंजिनाचा वेग स्थिर राखणाऱ्या यंत्रणेत) शोधावा. ती टिकून व्होल्टेज मात्र पडत असेल, तर ब्रश व स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे आणि त्यांखालची धातूची कडी) आणि फील्डचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्याचा, रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) तपासावा. (इन्व्हर्टर पद्धतीच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी इलेक्ट्रॉनिक सर्किटने ठरवणाऱ्या यंत्रांना ही कसोटी लागू पडत नाही.) बराच काळ बंद राहिलेल्या यंत्रात स्लिप रिंगवर चढलेला काळा थरही पुरेसा त्रास देतो.

‘हाय’वर सारे सुरळीत असेल, तरच ऑटो-आयडलकडे, म्हणजे भार नसताना इंजिन आपोआप मंद करणाऱ्या यंत्रणेकडे, वळावे. अनेक यंत्रांत सोलेनॉइडला (विद्युतचुंबकाने दांडा ओढणाऱ्या भागाला) वीज मिळाली की तो थ्रॉटल ओढून इंजिन मंद करतो. त्यामुळे तो जळाल्यास इंजिन वेगातच राहते. आपले इंजिन उलट आयडलवर अडकते, म्हणून प्रवाह ओळखणारा सेन्सर, त्याच्या तारा आणि थ्रॉटलचा अडकलेला दांडा यांवर माझा अधिक संशय आहे.