आज्जीच्या इरकल साडीचा पदर खरंच रेशमी आहे का?

वडगावचा_पोरगा: आजोबांचे हातमाग होते, आता घरात नुसती पावरलूमची खडखड. माळ्यावर आज्जीची इरकल सापडली, अंग सुती नि लाल पदर रेशमी वाटतोय पण शिवण कुठंच नाही, जोडलंय कसं? नि रेशीम खरं की आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशीम?

खासबागकर: शिवण नसतेच ओ, त्याला टोपी तेणी म्हणतात. अंगाच्या ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) फासात पदराचा ताणा अडकवायचा, एकेक धागा, नि प्रत्येक साडीला परत नव्यानं. विणण्यापेक्षा हेच किचकट.

शहापूरची_काकू: दशीतला एक धागा जाळून बघ बाळा. केस जळल्यासारखा वास नि राख चुरली तर रेशीम, कागदासारखं भुरकन जळलं तर आर्ट सिल्क. साडीलाच काडी लावू नकोस म्हणजे झालं 😀

रेशीमवाला: रेशीमकिड्याचा कोष गरम पाण्यात टाकला की डिंक सैल होतो, मग टोकं शोधून ७-८ कोषांचा मिळून एक धागा ओढतात. पुढं साबण-सोड्यात शिजवला की वजन जवळजवळ पाव हिश्शानं उतरतं, चकाकी तेव्हाच येते.

वडगावचा_पोरगा: केसाचाच वास आला काकू! पण घडीवर चिरलीय.

शहापूरची_काकू: घड्या बदलत जा, नि सुती फडक्यात ठेव, प्लास्टिकात नको.