सॅक्सन = शकसूनु ???

सॅक्सन (इंग्लंडात जाऊन वसलेली जुनी जर्मन जमात) हा शब्द मुळात 'शकसूनु' आहे, शकांची मुलं म्हणून, असा मेसेज आमच्या ग्रुपवर परत आलाय. संस्कृतातला सूनु आणि इंग्रजीतला सन एकाच मुळाचे हे तर खरंच आहे ना, मग बाकीचंही खरं असेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

—

सूनु आणि सन भाऊ-भाऊ आहेत हे बरोबर, पण सॅक्सनमध्ये तो 'सन' नाहीच्चे. जर्मनमध्ये आजही एक माणूस असेल तर 'झाक्स', अनेक असतील तर 'झाक्सन', म्हणजे तो 'न' फक्त अनेकवचनाचा. इंग्रजीतला सॅक्सन लॅटिनच्या 'साक्सोनेस'वरून फ्रेंचमार्गे आला, तिथेही ते प्रत्ययच. आणि इंग्लंडातली नावं बघा ना, ससेक्स, वेसेक्स, एसेक्स हे दक्षिण, पश्चिम आणि पूर्वेचे सॅक्सन, त्यात कुठे आलाय सन?

गंमत म्हणजे ही आयडिया आपल्याकडची नाहीये, शॅरन टर्नर नावाच्या इंग्रज इतिहासकाराने 1800च्या आसपास 'सकाई-सुना' असं लिहून ठेवलं होतं, तीच आता आपला प्राचीन वारसा म्हणून फॉरवर्ड होतेय!

—

मग खरा अर्थ काय?

—

बहुतेक अभ्यासक 'सेअक्स' या शब्दाकडे बोट दाखवतात. सेअक्स म्हणजे एकाच बाजूने धार असलेला सुरा, छोटा कमरेला लावायचा आणि मोठा जवळजवळ तलवारीएवढा. एसेक्स काउंटीच्या चिन्हावर लाल रंगावर असे तीन सुरे आहेत. मूळ धातू 'कापणे' या अर्थाचा, लॅटिनमधून आलेला सेक्शन त्याच घरातला, आणि लाकूड कापायच्या करवतीचा इंग्रजी शब्द 'सॉ' पण.

नाव सुऱ्यावरून पडलं ही समजूत फार जुनी आहे. 10व्या शतकात जर्मनीतल्या कोर्वाय मठातला विडुकिंड हा इतिहास लिहिणारा साधू सांगतो की थुरिंगियन नावाच्या दुसऱ्या जमातीशी तहाची बोलणी करायला सॅक्सन कपड्यांखाली सुरे लपवून गेले आणि बेसावध बघून सगळ्यांना कापून काढलं. (आपल्याला लगेच वाघनखं आठवणार, पण इथे हल्ला करायचाच बेत होता.) अशीच कथा ब्रिटनमध्ये हेंगिस्ट या तिथे उतरलेल्या सरदाराच्या नावावरही सांगतात, त्यामुळे घटना म्हणून मी तिच्यावर पैज लावणार नाही.

—

जर्मनीतला ड्रेस्डेनवाला सॅक्सनी प्रांत तोच का?

—

नाव तेच, जागा वेगळी. मूळचे सॅक्सन उत्तर समुद्राच्या बाजूचे, आजच्या लोअर सॅक्सनीकडचे. फ्रँक राजा शार्लमेनने 772 ते 804 त्यांच्याशी लढाया केल्या. पुढे 1180 मध्ये हेन्री द लायन या सॅक्सन ड्यूकची डची (म्हणजे ड्यूकचं राज्य) मोडली आणि ड्यूकचा किताब वेगवेगळ्या घराण्यांच्या हातातून जात जात एल्ब नदीच्या वरच्या अंगाला सरकला, त्याच्याबरोबर नावही गेलं.

शेजारी तर अजून गोंधळ घालतात. आयरिश भाषेत 'सासाना' म्हणजे इंग्लंड आणि फिनिशमध्ये 'साक्सा' म्हणजे अख्खी जर्मनी, ज्याला जे सॅक्सन आधी भेटले त्यांच्यावरून त्याने देशाचं नाव ठेवलं.

—

सॅक्सोफोन पण यातलाच का?

—

नाही हो, तो अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराच्या आडनावावरून. पेटंट 1846चं. वाद्याचा सुऱ्याशी संबंध वाजवणाऱ्यावर अवलंबून :)