एड केनेडी: बातमी दिली की शब्द मोडला?

रात्रपाळी
एड केनेडी हा दुसऱ्या महायुद्धात असोसिएटेड प्रेस (एपी) या अमेरिकन वृत्तसंस्थेचा पॅरिसमधला ब्युरोप्रमुख. ७ मे १९४५, पहाटे २:४१. फ्रान्समधल्या रीम्सच्या शाळेत जर्मन जनरल योडलने जर्मनीच्या शरणागतीवर सही केली, तेव्हा हजर असलेल्या १७ बातमीदारांत हा होता. वरून हुकूम आला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी दाबा. का, तर स्टालिनला बर्लिनमध्ये वेगळा सोहळा हवा होता! दुपारी जर्मनांनीच फ्लेन्सबुर्ग रेडिओवरून जाहीर करून टाकलं. मग केनेडीने सेन्सॉरला तोंडावर सांगितलं की मी आता बांधील नाही, आणि लष्करी फोनवरून लंडनला बातमी दिली. लष्कराने त्याची युद्धबातमीदाराची मान्यता काढून घेतली, पुढे एपीनेही घरी बसवलं. २०१२ मध्ये मुलगी ज्युलियाने त्याच्या आठवणी छापून आणल्या, तेव्हा कुठे एपीने माफी मागितली. तो १९६३ लाच गेला होता. माझ्या मते शंभर टक्के बरोबर होता.

घाटावरचा
शंभर? रीम्सला जाताना विमानात १७ जणांनी शब्द दिला होता, की परवानगीशिवाय बातमी देणार नाही. बाकीचे १६ काय दूधखुळे? बोटं त्यांचीही शिवशिवत असणार. आणि सेन्सॉरचा कान नसलेल्या लाइनवरून बातमी द्यायची, याला उघडपणा म्हणत नाहीत. बाकी, पोरीने बापाची बाजू घेतली यात नवल ते काय.

रात्रपाळी
वकिली कसली? मजकूर बापाचाच आहे, तिने फक्त प्रकाशात आणला. सेन्सॉर असतो सैनिकांचे जीव वाचवायला. शत्रूनेच रेडिओवर सांगितल्यावर कुणाचा जीव जाणार होता?

डेस्कवाला
माझे बाबा ७१ च्या युद्धात वृत्तसंस्थेच्या डेस्कवर होते. फ्लॅश आला की टेलिप्रिंटरची घंटी वाजायची आणि हातातला चहा तसाच राहायचा, असं सांगायचे. बातमी पहिली देण्याची नशा त्यांना चांगली ठाऊक होती. तरी म्हणायचे, एम्बार्गो, म्हणजे ठरल्या वेळेपर्यंत बातमी न देण्याचं बंधन, एक जण मोडतो आणि पुढच्या वेळी सगळ्यांनाच दाराबाहेर ठेवतात. इथेही शिक्षा एकट्या केनेडीला कुठे झाली? युरोपातल्या अख्ख्या एपीचं काम लष्कराने काही तास बंद पाडलं.

रात्रपाळी
म्हणजे लष्कराने आकस काढला, तोही केनेडीच्याच खात्यावर?

घाटावरचा
आकस होताच. पॅरिसमधल्या पन्नासहून जास्त बातमीदारांनी निषेध केला, त्यात जळफळाटही असेल. माफीला ६७ वर्षं लावली हे एपीचं पाप, मान्य. पण सोबतच्या सोळांना एका शब्दाने तरी सांगायचं होतं की, मी पाठवतोय, तुम्हीही पाठवा.