अनुभव धागा: कोकणातल्या घरातला कोट स्टँड

कोट घालावा अशी थंडी कोकण किनाऱ्यावर क्वचितच पडते, तरीही रेनकोट, टोप्या, पंचे आणि छत्र्या यांच्यासाठी पडवीत किंवा ओटीवर उभा स्टँड ठेवणारी घरे येथे आहेत. आपल्या घरातल्या स्टँडचा अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. सुरुवात मीच करते.

रत्नागिरी : आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि खुंटीवरचा कपडा भिंतीला जिथे टेकतो नेमक्या तिथेच बुरशीचे ठिपके उमटतात. वडील वकील होते. त्यांच्या काळ्या कोटाची पाठ अशी खराब होऊ लागली, तेव्हा त्यांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाचा स्टँड करून घेतला आणि तो भिंतीपासून दूर, मागच्या-पुढच्या दारांतून वारा वाहतो अशा जागी उभा केला. कपड्याभोवती चारही बाजूंनी हवा खेळते, हाच मला उभ्या स्टँडचा सर्वांत मोठा गुण वाटतो. कपाटात तो मिळत नाही आणि खुंटीवरही मिळत नाही. फणसाचे लाकूड नवे असताना पिवळे असते आणि वर्षे जातात तसे गडद तपकिरी होत जाते. तो रंग कोणत्याही पॉलिशने येत नाही, म्हणून आम्ही त्याला फक्त तेलाचा हात देतो.

मालवण : खाऱ्या हवेत लोखंडी हुक लवकर गंजतात, आणि ओल्या सदऱ्यावर पडलेला गंजाचा डाग सहसा जात नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी लाकडी खुंट्यांचाच स्टँड घ्यावा.

दापोली : आमच्या ओटीची जमीन शेणाने सारवलेली, त्यामुळे थोडी उंचसखल आहे. चार पायांचा स्टँड तिथे डुगडुगत असे, तीन पायांचा मात्र स्थिर उभा राहतो. फक्त त्याचे पाय चांगले फाकलेले हवेत, कारण भिजलेले रेनकोट एकाच अंगाला टांगले तर तो कलंडू शकतो. मुलांसाठी खालच्या उंचीवरही खुंट्या बसवून घेतल्या आणि निथळणाऱ्या पाण्यासाठी खाली जुनी परात ठेवली. शाळेतून आल्यावर आपला रेनकोट आपणच टांगायचा, ही सवय मुलांना त्या खालच्या खुंट्यांनी लावली, हे मी आवर्जून नोंदवतो.

अलिबाग : आजोबांचा स्टँड वाकवलेल्या लाकडाचा आहे. बीच या युरोपीय झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची ही पद्धत १९व्या शतकात फर्निचर बनवणारे मायकेल थोनेट यांनी कारखान्यात रुजवली; त्यांची १८५९ची खुर्ची जगभर गेली. वरच्या आकड्यांवर टोप्या आणि मधल्या कड्यात काठ्या-छत्र्या, अशी त्याची रचना आहे. त्यावर काहीही टांगलेले नसले तरी तो पाहत राहावासा वाटतो.

सावंतवाडी : आमच्या गावात लाकूड कातून त्यावर लाखेचे रंगकाम करण्याची परंपरा आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. स्टँडच्या खुंट्या अशाच करून घेतल्या. त्यांची टोके गोल असल्याने कपड्याला खोच पडत नाही. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून स्टँड चुलीपासून आणि कडक उन्हापासून दूर ठेवावा.