मानसिक आजारावरचं नवीन संशोधन ऑडिओतून सांगायचंय, स्क्रिप्टसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा स्किझोफ्रेनियाच्या शुभंकरांचा, म्हणजे घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांचा, छोटा गट आहे, बहुतेक आया आणि थोडे भाऊबहीण. माझा धाकटा भाऊ शुभार्थी, म्हणजे हा आजार असलेला, आहे. नवीन संशोधन काय आलंय ते मी मराठीत रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकते, कारण लेखाची लिंक पाठवली तर कुणी उघडत नाही पण ऑडिओ भाकरी थापताना, एसटीत खिडकीशी बसून शेवटपर्यंत ऐकतात.

आत्ता अडलंय कोबेन्फीवर. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं स्किझोफ्रेनियाचं औषध, एका कॅप्सूलमध्ये झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आलं तेव्हापासूनच्या जवळपास सगळ्या गोळ्या मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या रिसेप्टरवर (रसायनाचा संदेश घेणाऱ्या जागेवर) काम करतात, हे मात्र मस्करिनिक नावाच्या वेगळ्या रिसेप्टरवर करतं, म्हणून एवढी चर्चा. जुन्या गोळ्यांमुळे वाढत्या वजनाने आणि हात थरथरण्याने जेरीस आलेल्या घरांना हे कळायलाच हवं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ यातही होतं, तेही सांगणार आहे.

प्रश्न आकड्यांचा आहे. २५२ जणांवर ५ आठवडे चाचणी झाली, लक्षणांचा स्कोअर औषधवाल्यांचा साधारण २१ ने उतरला आणि प्लासिबोवाल्यांचा (औषध नसलेली, तशीच दिसणारी कॅप्सूल घेणाऱ्यांचा) १२ ने. कागदावर तक्ता दिसतो, पण कानाने ऐकणारा फक्त "२१ ने उतरला" एवढंच धरून ठेवतो. त्यात २०२५ मध्ये दुसरा निकाल आला, चालू औषधाला जोड म्हणून हेच दिलं तर ठोस फायदा सिद्ध झाला नाही. आमच्या गटातले जवळपास सगळे शुभार्थी चालू औषधावरच आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी खरी बातमी ही दुसरीच. मग ती आधी सांगू का? की आशेची बाजू आधी? एका काकूंनी अर्धा ऑडिओ ऐकूनच फोन केला होता, "मग आत्ताच्या गोळ्या थांबवू का गं?" तेव्हापासून मला फार काळजी वाटते.

प्रतिसाद
ताई, खूप चांगलं काम. "गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत" हे शेवटी ठेवू नका, सुरुवातीलाच आणि मध्येही म्हणा, लोक अर्ध्यातून ऐकायला लागतात आणि अर्ध्यात सोडतात. स्कोअर सांगायचाच तर आधी पट्टी सांगा, ३० ते २१०, जितका जास्त तितका त्रास जास्त, मग "दोन्हीकडे उतरला, औषधाकडे ९-१० ने जास्त". आणि मधे एखादा भाग गोव्याच्या अभ्यासाचा घ्या, २०१७ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला. डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या पेशंटशी काही भेटींत बोलून काम केलं, ३ महिन्यांनी त्यांच्यातले १०० पैकी ६४ नैराश्यातून बाहेर, नेहमीच्या उपचारात ३९. असे आकडे कानाला लगेच समजतात.

धागाकर्ती
खूप आभार! पट्टीचं लगेच घेते, आणि जोड-औषधाचा निकाल पहिल्याच मिनिटात टाकते. गोव्याचा भाग तर करणारच, आमच्यातल्या बऱ्याच आयांना स्वतःलाच नैराश्य आहे. आता एकच, इथे कुणी सायकिॲट्रिस्ट किंवा सायकिॲट्रिक सोशल वर्कर असतील तर रेकॉर्डिंगआधी स्क्रिप्ट वाचून द्याल का? दोन पानंच आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लगेच पाठवते.