ऐकणारा कोण मग?
बौद्ध शिकवणीत कायमचा असा आत्मा मानत नाहीत, त्यावर "आत्माच नाही तर मग बघतंय कोण, ऐकतंय कोण" हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळायचा. उदान या पाली बौद्ध ग्रंथातली बाहियची गोष्ट बघा, हा माणूस सुप्पारकचा, म्हणजे आपलं नालासोपारा! झाडाच्या सालींची वस्त्रं नेसून थेट श्रावस्तीला गेला, बुद्ध भिक्षेला निघालेले, दोनदा नको म्हणाले आणि तिसऱ्यांदा रस्त्यातच सांगितलं की बघण्यात फक्त बघणं असू दे, ऐकण्यात फक्त ऐकणं, मग त्यात 'तू' उरत नाहीस. बस एवढंच.

आता माझं सांगतो, सकाळी डोळे मिटून बसलो की शेजारचा कुकर शिट्टी मारतो. आधी नुसता आवाज, मग नकोसं वाटतं, मग "कुकर" हे नाव, मग "रोज याच वेळेला कसा लावतात हे लोक", आणि या सगळ्याच्या शेवटी कुठेतरी "मी वैतागलोय" हा मी येतो. म्हणजे मी आधीपासून तिथे बसून ऐकत नव्हतोच, तो 'मी' मागाहून आला की हो! पाली ग्रंथांत फस्स (इंद्रियाचा स्पर्श), वेदना (बरं-वाईट वाटणं), सञ्ञा (ओळखणं), वितक्क (विचार), पपंच (विचारांचा पसारा) असा साधारण हाच क्रम दिलाय. अर्थात हे कळूनही चिडचिड होतेच, चौथ्या शिट्टीला तर जास्तच.